गणित टाळायला जीवशास्त्र घेतलं?



सोलापुरात मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला एक प्रश्न ठरलेला असायचा, 'जीवशास्त्र का घेतलं?' कुणाला डॉक्टर व्हायचं असे, कुणी नुसतंच हसे. खरं उत्तर मागच्या बाकावरून यायचं, 'सर, गणित नको म्हणून!' सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो. हे हसू पहिल्या प्रात्यक्षिकापर्यंतच टिकणार, हे मला ठाऊक असायचं.

एका वर्षीची गोष्ट सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी पाहून वहीत आकृती काढायची होती. पूर्व भागातल्या एका मुलीनं तांबड्या पेशीचा सुरेख गोल काढला, चांगला तीन सेंटिमीटरचा. खाली लिहिलं, 'वर्धन ४५० पट.' मी विचारलं, 'हे कुठून आलं?' ती म्हणाली, 'सर, वरचं भिंग दहाचं, खालचं पंचेचाळीसचं. गुणाकार केला.'

गुणाकार बरोबर होता, उत्तर चूक होतं. ४५० पट हे सूक्ष्मदर्शकाचं वर्धन झालं, वहीतल्या आकृतीचं नव्हे. तांबडी पेशी साधारण साडेसात मायक्रोमीटरची असते. एका मिलिमीटरमध्ये एक हजार मायक्रोमीटर. म्हणजे वहीतला ३० मिलिमीटरचा गोल झाला ३०,००० मायक्रोमीटर. त्याला साडेसातनं भागा. उत्तर येतं ४००० पट. सगळी मेख एकक सारखं करून घेण्यात आहे.

मुलगी रडवेली झाली. 'सर, मला गणित येतच नाही.' तिची आई विड्या वळायची. मी विचारलं, 'आई दिवसाला किती विड्या वळते?' 'हजार.' 'पंचवीसची बंडलं किती होतात मग?' 'चाळीस,' ती ताबडतोब म्हणाली. 'आणि पानं खराब निघाली, आठशेच झाल्या तर?' 'बत्तीस बंडलं, सर. मजुरी पाचव्या हिश्शानं कमी.' मी म्हटलं, 'अगं, मग हे गणित नाही तर काय आहे?'

श्रोतेहो, जीवशास्त्राला लागणारं गणित बहुतांशी याच जातीचं असतं. एकक बदलणं, गुणोत्तर, टक्केवारी, सरासरी, घातांक आणि 'अपेक्षा किती होती, हाती किती आलं' याचा ताळा. मेंडेलचंच उदाहरण घ्या. १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधात वाटाण्याच्या दाण्यांची मोजणी आहे. ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, एकूण ७३२४. तीनास एक या हिशेबानं गोल दाणे ५४९३ हवे होते. फरक फक्त १९ दाण्यांचा. सात हजारांत एवढा फरक योगायोगानं सहज पडतो. पण हेच प्रमाण नेमकं ठरवायला संख्याशास्त्र लागतं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञच होते. पिकांच्या उत्पादनाचा अंदाज आणि माणसाच्या पोषणाचा प्रश्न, दोन्हीकडे त्यांनी हेच शास्त्र वापरलं.

आता आलेखाकडे वळू. परीक्षेत प्रश्न येतो, 'आलेखाचं वर्णन करा.' निम्मा वर्ग लिहितो, 'रेषा वर जाते, मग खाली येते.' उरलेला निम्मा वर्णन सोडून कारणं सांगत बसतो. दोघांचेही गुण जातात. वर्णन म्हणजे जे दिसतं ते. कारण म्हणजे ते का होतं ते. प्रश्नात काय विचारलंय ते आधी पाहावं.

लाळेतल्या अमायलेजचा आलेख घ्या. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर स्टार्च पचण्याचा वेग. मी मुलांना सांगायचो, फोनवरून मित्राला सांगताय असं समजा. त्याच्यासमोर कागद नाही आणि तुमचं ऐकून त्याला तोच आलेख काढायचाय. मग आपोआप क्रम लागतो. आधी कोणत्या अक्षावर काय आणि कोणत्या एककात. मग एकूण कल: तापमान वाढतं तसा वेग वाढतो. मग वळण कुठे: साधारण ३७ अंशांच्या आसपास वेग सर्वाधिक. मग पुढे काय: त्यानंतर वेग झपाट्यानं उतरतो, चढापेक्षा उतार तीव्र. प्रत्येक ठिकाणी आकडा आणि एकक. आणि शेवटच्या बिंदूच्या पुढे मनानं रेषा ओढायची नाही. जिथे मोजलंच नाही, तिथलं बोलायचं नाही. उष्णतेनं विकराची घडण बिघडते, हे कारण. ते विचारलं तरच लिहायचं.

आपल्या शहरात यात आणखी एक अडचण आहे. त्या मुलीच्या घरी तेलुगू, शाळा मराठी आणि कॉलेजची परीक्षा इंग्रजीत. आलेख तिला दिसत होता, शब्द सापडत नव्हते. मी म्हटलं, 'आधी मराठीत सांग, हवं तर आईला तेलुगूत सांग. इंग्रजी नंतर बघू.' हळूहळू, झपाट्यानं, स्थिर, दुपटीनं, निम्म्यानं एवढे दहा-बारा शब्द पक्के झाले आणि तिची गाडी रुळावर आली.

आलेख वाचता येण्याचं मोल परीक्षेपुरतं नाही. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. सकाळी एक असेल, तर सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे जवळजवळ एकवीस लाख. साध्या कागदावर ही रेषा आधी जमिनीलगत सरपटते आणि मग भिंतीसारखी उभी राहते. लघुगणकी अक्षावर तीच रेषा सरळ दिसते. २०२० साली करोनाचे आलेख रोज वर्तमानपत्रांत येत होते. अक्ष न पाहता सरळ रेषा बघून निर्धास्त झालेली शिकलेली माणसं मी पाहिली आहेत.

याच्या उलट आपला नान्नजचा माळढोक. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. मादी एका विणीला बहुधा एकच अंडं घालते. हजारातले पाचशे गेले तरी पन्नास टक्के घट, दहातले पाच गेले तरी पन्नास टक्केच. पण दहातले पाच गेल्यावर पुन्हा भरून यायला हाताशी उरतं काय? म्हणून टक्केवारीशेजारी मूळ आकडा लिहायचा, हे मी माळढोकाच्या उदाहरणानंच शिकवायचो. आज तो पक्षी माळावर दिसणंच दुर्मीळ झालं आहे.

ती मुलगी पुढे एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाली. एकदा भेटायला आली. म्हणाली, 'सर, पांढऱ्या पेशी मोजताना तुमची आठवण येते.' तिथे चार चौकोनांतल्या पेशी मोजतात. प्रत्येक चौकोन एक चौरस मिलिमीटरचा, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे चौघांचं घनफळ ०.४ घन मिलिमीटर. रक्त वीसपट पातळ केलेलं. १६० पेशी मोजल्या, तर १६० भागिले ०.४, म्हणजे ४००. गुणिले वीस, म्हणजे ८०००. निरोगी माणसाचा आकडा. वीसनं गुणायचं राहिलं तर अहवालावर ४०० पडतात आणि त्या घरात त्या रात्री कुणाला झोप लागत नाही.

'एकदा नव्या मुलानं असंच केलं होतं, सर,' ती म्हणाली. 'कागद बाहेर जायच्या आधी मी बघितलं. ४०० आकडा वाचला आणि वाटलं, एवढ्या कमी कशा? परत हिशेब केला.'

श्रोतेहो, उत्तर आल्यावर 'हे शक्य आहे का?' असं थांबून विचारणं, यालाच मी जीवशास्त्राचं गणित म्हणतो. अकरावीला मुलं घालणाऱ्या पालकांना माझं एवढंच सांगणं आहे, जीवशास्त्र जरूर घेऊ द्या. फक्त गणिताची वही माळ्यावर टाकू देऊ नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)