आधी स्क्रू बघ, मग स्कोप उघड

मी गारखेड्यात राहतो, क्रीडा संकुलापासून चालत पाच मिनिटांवर. दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांचे बग शोधतो. आज माझाच एक बग सांगतो. मामाच्या एअर रायफलचा स्कोप मी घरी रिपेअर करायला घेतला आणि त्याची वाट लावली, त्याची ही गोष्ट.

मामा एकसष्ट वर्षांचा. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू टू रायफल चालवायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि मामाचा जुना किडा वळवळला. त्या दिवाळीत त्याने स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली. शेतातल्या गोठ्यामागे मातीचा जाड बांध आहे, त्याच्यापुढे कागदी टार्गेट. पण लागेना! बंदुकीची मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट, तिन्हींवर झटपट फोकस बदलायला तरुण डोळा लागतो. साठीत तो फोकस जमत नाही.

आता ऑलिंपिकच्या रायफल प्रकारात स्कोप चालत नाही, कुसाळेच्या रायफलवरही नव्हता. पण मामाला कुठं मॅच खेळायचीय? स्कोपमध्ये क्रॉसहेअर आणि टार्गेट एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याला एकच काम उरतं. स्कोप बसवला आणि मामा दर रविवारी फोन करायला लागला, "येतूस का रे, दहा कागद आणलेत."

गेल्या पावसाळ्यात छर्रे भरकटायला लागले. दहा मीटरवर तीन-तीन सेंटीमीटर इकडंतिकडं. मामा नॉब फिरवून थकला. आमच्या स्कोपचा एक क्लिक म्हणजे दहा मीटरवर साधारण पाऊण मिलिमीटर. सगळे छर्रे एकाच बाजूला जात असतील तर क्लिकने दुरुस्त होतं. विखुरत असतील तर क्लिक फिरवून काही होत नाही, काहीतरी हलतंय हे नक्की. मी म्हटलं, "मामा, दे इकडं, मी बघतो. इंजिनिअर आहे ना घरात."

घरी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासलं, एवढं शहाणपण होतं. स्कोप काढायला अ‍ॅलन की लावली, तर मागच्या माउंटचा स्क्रू बोटांनीच फिरला. मी काय म्हटलं माहितीये? "बरं झालं, लवकर सुटला."

मंडळी, उत्तर माझ्या चिमटीत होतं. मी ते वाटीत टाकलं आणि पुढं गेलो.

पुढच्या भिंगाची रिंग कंपासपेटीतल्या कर्कटकाने फिरवली. बारीक 'फुस्स' झालं की नाही आठवत नाही, पण नायट्रोजन गेला एवढं खरं. चांगल्या स्कोपमध्ये कोरडा नायट्रोजन भरून ओ-रिंगने सील करतात, म्हणजे आत वाफ धरत नाही. मग नॉब खोलला. आत एक छोटी नळी असते, एका बाजूने नॉबचे स्क्रू तिला ढकलतात, समोरून स्प्रिंग दाबून धरते. ती स्प्रिंग सरकली. परत बसवली, पण क्रॉसहेअर कलला. सकाळी बघतो तर भिंगाला आतून धुकं! जुलै महिना, हवेत पाणीच पाणी. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवला. दोन दिवस बरा दिसला, तिसऱ्या दिवशी परत धुकं.

मग वाटीतला तो स्क्रू दिसला. पोटात गोळा आला.

स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा धक्का विचित्र असतो. आतला दट्ट्या पुढं धावतो तेव्हा बंदूक मागं येते, दट्ट्या टोकाला आदळला की पुढं झटका. दोन्ही दिशांनी हिसके. साधा स्कोप यात खरंच मोडू शकतो, म्हणून एअर रायफलचा वेगळा मागावा. पण त्याआधी माउंटचे स्क्रू ढिले होतात. आमचा स्कोप चांगलाच होता, फक्त हलत होता.

मामाला सांगायला तीन दिवस लावले. फोनवर तो गप्पच. मग म्हणाला, "उघडायच्या आधी इचारायचं तरी." ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पुढचे चार रविवार फोन आला नाही.

पगार झाल्यावर तसाच स्कोप घेतला आणि शेतावर गेलो. माउंट मामानेच बसवला. रेलवरचं तेल स्पिरिटने पुसलं, स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. जास्त ताकद लावली तर नळी चेपते. मग टेस्ट घेतली. एक छर्रा मारायचा. वीस क्लिक उजवीकडे, छर्रा. वीस वर, छर्रा. वीस डावीकडे, वीस खाली. निशाणा मात्र तोच धरायचा. चौकोन बनतो आणि पाचवा छर्रा पहिल्या भोकाजवळ आला की स्कोप ठीक.

पाचवा छर्रा पहिल्याला चिकटून बसला. मामा हसला नाही, पण पुढचा कागद माझ्या हातात दिला.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा. आधी स्क्रू. मग पुढच्या रिंगचं अंतर, कारण शंभर यार्डांवर लावलेला स्कोप दहा मीटरवर धूसरच दिसतो, तो बिघाड नाही. मग भिंगावरची धूळ, मऊ कापडाने. मग चौकोनाची टेस्ट. एवढं सगळं घरी करा. तरी चौकोन जमला नाही तर बिघाड आत आहे, तो सर्व्हिसला द्या. नायट्रोजन आपल्या घरी नसतो.

आणि वस्तू दुसऱ्याची असेल तर उघडण्याआधी एक फोन करा. भेटू पुढच्या भागात.