मातीच्या पोटांतील ठेव



वैशाखांत देशावरच्या काळ्या रानांतून ज्यांनीं पायपीट केली असेल, त्यांनीं जमिनीला पडलेल्या भेगा पाहिल्या असतीलच. कांहीं भेगांत तर सबंध हात जातो! पण मृगाच्या दोन सरी पडल्या, कीं माती फुगते आणि भेग कोठें होती, हें दाखवितांही येत नाहीं. भूगोल शिकवितांना हा प्रकार मी मुलांना पुष्कळदां दाखविला. परंतु मातीच्या याच गुणावर एखादें राष्ट्र लाखों वर्षांचा भरंवसा टाकील, असें मला तेव्हां वाटलें नव्हतें.

तें राष्ट्र म्हणजे फ्रान्स. तेथील निम्म्याहून अधिक वीज अणुशक्तीपासून होते. अणुभट्टींतील राख मात्र चुलींतल्या राखेसारखी निरुपद्रवी नव्हे. तिच्यांतून घातक किरण निघत राहतात. सीझियमचें तेज सुमारें ३० वर्षांत निम्में होतें. प्लुटोनियमचें निम्में होण्यास सुमारें २४,००० वर्षें लागतात. यांतील अत्यंत प्रखर भाग वितळलेल्या कांचेंत मिसळून पोलादी पात्रांत ओततात. आपल्या तारापूरासही हें काम चालतें. परंतु पोलाद केव्हांतरी गंजणारच. मग त्यापुढचा पहारा कोणी करावा?

पॅरिसच्या पूर्वेस ब्यूर नांवाचें लहानसें खेडें आहे. त्याच्या पोटांत, सुमारें १६ कोटि वर्षांपूर्वीं समुद्रतळाशीं सांचून घट्ट झालेल्या चिकणमातीचा, शंभर मीटरांहून जाड असा खडक आहे. 'आंद्रा' या सरकारी संस्थेनें तेथें सुमारें ४९० मीटर खोलीवर प्रयोगशाळा खोदली आहे. या खडकाचे गुण तीन. त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म, कीं त्यांतील पाणी जवळजवळ वाहतच नाहीं. मातीच्या कणांवर ऋण विद्युत् असते. म्हणून सीझियमसारखे धन विद्युत् असलेले कण तिला चिकटून बसतात. आणि खोदतांना पडलेल्या भेगा, आपल्या काळ्या रानाप्रमाणेंच, ओल मिळतांच बुजूं लागतात.

याचा अर्थ कांहींच निसटत नाहीं, असा मात्र नव्हे. आयोडिन मातीला फारसें चिकटत नाहीं. तें अतिशय मंद गतीनें पुढें सरकतें. पोलाद गंजतांना हैड्रोजन वायु निघतो; कांचेच्या उष्णतेनें खडक तापतो. या सर्वांचीं मोजमापें तेथें वर्षानुवर्षें चालूं आहेत.

एवढी खबरदारी कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर जर्मनींतील आसे येथें मिळतें. १९६७ ते १९७८ या काळांत तेथील मिठाच्या जुन्या खाणींत कमी व मध्यम प्रखरतेच्या अशा कचऱ्याचीं सुमारें १,२६,००० पिंपें ठेवलीं गेलीं. पुढें खाणींत पाणी शिरूं लागलें, आणि २०१३ सालीं तीं सर्व पिंपें परत वर काढावीं असा कायदा करण्याची पाळी आली. 'पुरलें आणि विसरलें' या वृत्तीचें हें फळ!

फ्रान्सनें २००६ च्या कायद्यानें निदान शंभर वर्षें तरी हा निर्णय फिरवितां आला पाहिजे, असें बंधन घातलें. आंद्रानें २०२३ च्या जानेवारींत कोठार बांधण्याच्या परवानगीसाठीं अर्ज केला. त्या भागांतील अनेक रहिवाशांचा याला विरोध आहे. आपल्या गांवाखालींच हें कां, हा त्यांचा प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेथील घटना-परिषदेनें कायदा वैध ठरविला. परंतु आजच्या निवडीनें पुढील पिढ्यांचें निवडीचें स्वातंत्र्य हिरावतां कामा नये, हें तत्त्वही तिनें सांगितलें.

शाळेचा कार्यभार सोडतांना मीं नव्या मुख्याध्यापकांच्या हातीं किल्ल्या दिल्या, त्याबरोबर जमाखर्चाची वहीही दिली. तींत येणें होतें तसें देणेंही होतें. दिव्याचा उजेड आपण घेतला, राख मात्र नातवंडांच्या पणतवंडांना राहणार. ती मातीच्या स्वाधीन करणें मला उघड्यावर ठेवण्यापेक्षां शहाणपणाचें वाटतें. पण ती कोठें आहे, कशी आहे आणि तिच्याविषयीं आपल्याला कोणती शंका होती, हें सर्व त्या वहींत स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवलें पाहिजे. माती आपलें काम करील. लिहिण्याचें काम आपलें आहे.