तंजावरच्या चुलीवर इटलीची कोळंबी

तंजावर शहर समुद्रापासून दूर असले, तरी तेथील राजांची नजर समुद्रापलीकडे पोहोचत असे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ दुसऱ्या सरफोजी राजांनी १८१४-१५ च्या सुमारास मल्लिपट्टिणमजवळ, ऐन किनाऱ्यावर, ‘मनोरा’ नावाचा आठमजली बुरूज बांधविला. युरोपातील युद्धाचे स्मारक मराठी राजाने तामिळ किनाऱ्यावर उभारावे, हे जरा चमत्कारिकच. परंतु युरोपाविषयीचे त्यांचे कुतूहल बुरुजाशी थांबले नाही. ते मुदपाकखान्यातही शिरले. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मोडी लिपीतील मराठी ग्रंथात ब्राह्मणी आणि मराठा स्वयंपाकाबरोबर इंग्रजी स्वयंपाकालाही स्वतंत्र स्थान आहे. परक्याचा पदार्थ आपल्या आमटीत कालवून टाकू नये, ही जाण त्या मांडणीत दिसते.

आजच्या तंजावरातील एखाद्या मराठी गृहिणीने इटलीच्या किनाऱ्यावरील कोळंबी रांधावयाची ठरविली, तर हीच जाण तिच्या उपयोगी पडेल. नेपल्सकडे तिसऱ्या लसूण व ऑलिव्हच्या तेलात वाफवितात आणि शिंपले उघडताच त्यांतून सुटलेला रस स्पॅगेटीवर घेतात. कोळंबीचीही रीत तीच. कोकणातील सुगरणीस यात नवल वाटणार नाही. फक्त ती लगेच खोबऱ्याचे वाटण शोधू लागेल! येथे मात्र वाटण नाही, हळद नाही, चिंचही नाही. मोह आवरणे हीच या पाकातील खरी कसोटी होय.

अदिरामपट्टिणम वा मल्लिपट्टिणमकडील अर्धा किलो ताजी कोळंबी घ्यावी. वास उग्र असेल, तर बेत त्या दिवसापुरता सोडून द्यावा. कोळंबी सोलून पाठीतील काळा दोरा काढावा; पण डोकी आणि कवचे टाकू नयेत, कारण सारी चव त्यांत असते. ती चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परतावी, दोन पेले पाण्यात वीस मिनिटे उकळावी आणि पाणी गाळून घ्यावे.

पसरट कढईत चार चमचे ऑलिव्हचे तेल, ते नसल्यास शेंगदाण्याचे, मंद तापवावे. तिळाचे तेल तंजावरात घरोघरी असते, पण त्याचा दर्प येथे वरचढ होतो. चार पाकळ्या लसूण चिरून घालावा. तो करपला की सारे कडवट झाले म्हणून समजावे. एखादी सुकी लाल मिरची चालेल. दक्षिण इटलीतही ती घालतात, आणि तिकडे काय, इकडे काय, ती अमेरिकेहूनच आलेली. मग गाळलेले पाणी ओतून निम्मे आटवावे. मीठ चाखूनच घालावे. शेवटी कोळंबी सोडावी. रंग गुलाबी झाला व अंग वळले, की दोन-तीन मिनिटांत कढई उतरवावी. अधिक शिजविलेली कोळंबी रबरासारखी होते.

उकडलेली पाव किलो स्पॅगेटी त्याच कढईत घोळवावी. घरात ती नसेल, तर शेजारणीकडील इडियप्पमवर हा रस अप्रतिम लागतो. तो इटालियन राहत नाही, एवढेच. वर लिंबाचे चार थेंब पिळावेत. किसलेले चीज मात्र घालू नये. मासळीवर चीज पाहिले की इटालियन आजीबाई ताट परत पाठवितात.