सोनोग्राफी फक्त बायकांची नसते

(आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरीही आज मी पुरुषांच्या दोन ग्रंथींबद्दल बोलणार आहे, वृषण आणि प्रोस्टेट. आमच्या घरात या विषयावर कधी कुणी बोललं नाही आणि त्याचा त्रास वडिलांना भोगावा लागला, म्हणून बोलतोय.

सत्तरीत पोचल्यावर वडील रात्री तीन-चारदा उठू लागले. आईनं विचारलं की म्हणायचे, "वय झालं आता." लघवीची धार बारीक झाली होती, थांबून थांबून होत होती, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, सोनोग्राफी करून घेऊ. तर हसले. म्हणाले, "ती बायकांची असते." त्यांना तरी काय दोष द्यायचा? प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग निदान केलं जात नाही, असा फलक असतो. तो वाचून हे यंत्र गरोदर बाईसाठीच आहे, असं कुणालाही वाटेल.

शेवटी एका रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट दगडासारखं झालं, दरदरून घाम फुटला. रुग्णालयात नळी घालून मूत्राशय रिकामं केलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट माझ्या हातात आला. प्रोस्टेट 50 सीसी. तरुणपणी ती साधारण 20 सीसी असते, हे वाचलं आणि मी घाबरलो. पहिला विचार कॅन्सरचाच आला. मग सवयीप्रमाणे प्रश्न पडला, हा आकडा आला कुठून?

यंत्र शरीरात ध्वनिलहरी सोडतं आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. शरीरातला ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटर, असं सॉफ्टवेअरमध्ये धरलेलं असतं. 4 सेंटिमीटर खोलवरून प्रतिध्वनी सुमारे 52 मायक्रोसेकंदांत परत येतो. त्यातून पडद्यावर चित्र उमटतं. त्यावर डॉक्टर खुणा करून लांबी, रुंदी आणि जाडी घेतात. तिन्हींचा गुणाकार करून त्याला 0.52 ने गुणायचं. अंड्यासारख्या आकाराचं घनफळ काढायचं हे सूत्र आहे. वडिलांची मापं होती 4.9, 4.3 आणि 4.6 सेंटिमीटर. गुणाकार करून पाहा, 50 येतात.

आता हीच तिन्ही मापं प्रत्येकी 10 टक्क्यांनी जास्त घेतली गेली, तर उत्तर 67 येतं. ग्रंथी तीच, पण आकडा एक तृतीयांशानं वाढला. म्हणून दोन वेगळ्या केंद्रांतले रिपोर्ट शेजारी ठेवून लगेच "वाढली" म्हणून घाबरू नका.

वृषणाचं मापही असंच घेतात, फक्त तिथे बऱ्याचदा 0.52 ऐवजी 0.71 ने गुणतात. सोनोग्राफी रुळण्याआधी, 1966 मध्ये, आंद्रेआ प्राडर या स्विस बालरोगतज्ज्ञांनी 1 ते 25 मिलिलिटरच्या बारा मण्यांची माळ वापरात आणली. हातानं चाचपून कोणता मणी जुळतो ते पाहायचं. डॉक्टर ती आजही वापरतात. 4 मिलिलिटरला मुलगा वयात येऊ लागला असं मानतात. प्रौढ पुरुषात हे माप साधारण 15 ते 25 असतं.

वयाबरोबर या दोन ग्रंथी उलट दिशांनी जातात. वृषण प्रौढपणी बराच काळ तेवढेच राहतात आणि म्हातारपणी हळूहळू लहान होतात. प्रोस्टेट मात्र चाळिशीनंतर वाढू लागते. पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, ऐंशीनंतर बहुतेकांत. ही साधी वाढ कॅन्सर नव्हे आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतरही होत नाही. पण दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हणून तपासायचं की नाही, ते घरी बसून ठरवू नका.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की आकार म्हणजे आजार नव्हे. मूत्रनलिका प्रोस्टेटच्या मधून जाते. वाढ नलिकेभोवती आत झाली, तर लहान ग्रंथीही वाट अडवते. कुणाची मोठी असूनही त्रास नसतो. म्हणून डॉक्टर लघवी करून आल्यावर पुन्हा सोनोग्राफी करतात, मूत्राशयात किती शिल्लक राहिली ते पाहतात, आणि त्रास काय होतो ते विचारतात. यंत्र घनफळ सांगेल. रात्री किती वेळा उठता, हे माणसानंच सांगायला हवं. वडिलांनी नेमकं तेच सांगितलं नव्हतं.

मूल होत नसेल तेव्हाही असंच होतं. आधी सुनेच्या तपासण्या, तिचे उपास, तिला टोमणे. वृषणाचा मोठा भाग शुक्राणू तयार करणाऱ्या बारीक नलिकांचाच असतो, त्यामुळे ते फार लहान असणं ही महत्त्वाची खूण ठरू शकते. वीर्यतपासणी साधी आहे, वृषणाची सोनोग्राफी त्वचेवरूनच होते, दुखत नाही, त्यात क्ष-किरणही नसतात. पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून जावं.

वडील आता बरे आहेत. स्नायू सैल करणारी एक गोळी आणि ग्रंथी आकसवणारी दुसरी चालू आहे. दुसरीचा गुण यायला काही महिने लागतात, हे त्यांना दहादा समजवावं लागलं. नळी निघाली आहे. त्यांच्या वयाच्या मित्रांना आता तेच दटावतात, "जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घे. पाणी पिऊन जा, मूत्राशय भरलेलं लागतं."

तुम्हाला एकच विनंती. आज घरी गेल्यावर वडिलांना, काकांना, मोठ्या भावाला विचारा, रात्री किती वेळा उठता? लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी अडली, तर उद्यावर ढकलू नका. त्यांना लाज वाटेल, तुम्हालाही वाटेल. तरी विचारा. मी वेळेवर विचारलं नव्हतं.