पॉलिशाआधीची पुसणी
(सभामंडपाच्या लाकूडकामाचे श्रमदान सुरू होताना झालेले भाषण)



सभामंडपाचे सागवानी खांब, तुळया व दारे यांवर उद्यापासून पॉलिश पेपर फिरणार आहे. घासायला पुष्कळ हात पुढे येतात, पुसायला मात्र कोणी थांबत नाही. पॉलिश बिघडते ते बहुधा येथेच.

सागाच्या अंगात उघडी छिद्रे असतात. घासल्यावर पिठासारखा भुसा त्यांत दडून बसतो. तसाच चपडालाखेचा हात दिला, तर भुसा लाखेत कालवला जातो, लाकडाच्या रेषा मळकट दिसतात आणि बोटाला खरखर लागते. मग सारे पुन्हा घासणे आले.

फुंकर मारून किंवा उपरणे झटकून ही धूळ जात नाही. शेजारच्या खांबावर जाऊन बसते, इतकेच! घासकाम संध्याकाळी संपवावे व रात्रभर धूळ खाली बसू द्यावी. सकाळी जमिनीवर पाणी शिंपडून केर काढावा. मग मऊ ब्रशाने वरून खाली, रेषेच्या दिशेने झाडावे. नक्षीच्या खाचांना अधिक वेळ द्यावा. धूळ ओढणारे यंत्र मिळाल्यास फारच उत्तम. शेवटी जुन्या धुतलेल्या धोतराचे फडके स्पिरिटात जेमतेम ओलसर करून पुसावे आणि मळताच घडी बदलावी. पाण्याच्या फडक्याने लाकडाची लव उभी राहते, वाळल्यावर पुन्हा हलका कागद फिरवावा लागतो. बॅटरी खांबाला लावून तिरपी धरली की राहिलेली धूळ लगेच दिसते.

स्पिरिटाचे काम चालू असता समई, उदबत्ती सभामंडपात आणू नये. नंदादीप गाभाऱ्यात असला तरी दार लावून घ्यावे.

आता जिवाची गोष्ट. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नमूद केले आहे. तोंडाला उपरणे बांधून भागत नाही. धुळीचा चांगला मास्कच हवा. ज्या खांबांवर जुना तैलरंग आहे, ते तर कोरडे घासूच नयेत. रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे पुष्कळ असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते. हे खांब पाणी लावून, ओल्या कागदानेच घासावेत. तो राडा व फडकी पिशवीत बांधून वेगळी ठेवावीत, आणि काम संपेपर्यंत मुलांना मंडपात खेळू देऊ नये.