संगणकाला आपली गोष्ट सांगताना

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समुपदेशन केंद्रांतली जाड रजिस्टरे आता कपाटात जाऊ लागली आहेत. केसची नोंद, कोर्टाची तारीख, निवाऱ्यातला मुक्काम हे सारे संगणकात आणि मोबाइलमध्ये भरले जाते. सॉफ्टवेअर करून देणारा येतो आणि विचारतो, "मॅडम, तुम्हाला काय काय हवंय?" पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळते, "रजिस्टरसारखंच, फक्त संगणकावर." बोलणे तिथेच संपते. मग बाईच्या आयुष्यातले कितीतरी निर्णय, तिला कधीही न भेटलेला माणूस घेऊन टाकतो. ते त्याच्या हाती का सोडायचे, हा आजचा माझा विषय आहे.

सॉफ्टवेअरच्या जगात यासाठी दोन साधी हत्यारे आहेत, युजर स्टोरी आणि स्वीकृती चाचणी. १९९६ पासून अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या कामावर केंट बेक आणि त्यांचे सहकारी एक पद्धत घडवत होते. १९९९ मध्ये बेक यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्या पद्धतीत जाडजूड मागणीपत्राऐवजी छोट्या कार्डांवर गरजा लिहीत. पुढे रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये तिचे तीन भाग सांगितले : कार्ड, संवाद आणि खातरजमा. कार्ड मुद्दाम लहान ठेवायचे, म्हणजे त्यावर बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आणि बोलणे झाल्यावर, काम झाले हे कशावरून ओळखायचे, तेही आधीच ठरवायचे.

कार्डावरच्या वाक्याचा साचा असा : मी कोण, मला काय हवे, कशासाठी हवे. आपल्याला हे नवे वाटू नये. केस हिस्टरी घेताना आपण हेच करतो. बाई म्हणते, "मला फारकत हवी." आपण विचारतो, "कशासाठी?" कधी तिला फारकत हवी असते, तर कधी रात्रीची मारहाण थांबायला हवी असते. 'कशासाठी' विचारल्याशिवाय मागणी कळत नाही.

आमच्या केंद्राने लिहिलेली एक स्टोरी सांगते.

"मी नवऱ्याच्या घरात राहून मदत घेणारी बाई आहे. केंद्राने मला कुठल्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन करायचा ते मला ठरवता यावे. म्हणजे मी इथे येते हे घरात कळणार नाही."

याची चाचणी अशी लिहिली. अशी स्थिती आहे : बाईने 'मेसेज पाठवू नका' असे सांगितले आहे. असे झाले : तिच्या भेटीची तारीख उद्यावर आली. असे घडले पाहिजे : तिच्या फोनवर काहीही जाऊ नये, कार्यकर्तीच्या यादीत मात्र तिचे नाव दिसावे.

सॉफ्टवेअर दाखवायला आणले तेव्हा पहिल्याच दिवशी ही चाचणी नापास झाली. केंद्राच्या नावासकट मेसेज फोनवर आला. फोन आमच्या कार्यकर्तीचा होता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. तो मुलगा कामसू होता, मनाने चांगला होता. पण त्याच्या जगात फोन ज्याचा त्याचा असतो. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचा फोन घराचा असतो आणि घर नवऱ्याचे. हा फरक त्याला कोण सांगणार? आपणच. आणि नुसते सांगून भागत नाही, तपासावे लागते.

दुसरे उदाहरण. फॉर्मवर 'पतीचे नाव' हा रकाना सक्तीचा असतो, तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा. त्याखाली आई, बहीण, मुलगी, विधवा, लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्री या सगळ्यांना दाद मागता येते. कायद्याने उघडलेले दार एका रकान्याने बंद करायचे का? म्हणून चाचणी : मुलाकडून मार खाणारी साठ वर्षांची विधवा आली आहे, पतीचा रकाना रिकामा आहे, तरी तिची नोंद पूर्ण झाली पाहिजे. तसेच वैवाहिक स्थितीत विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित एवढेच पर्याय असतील तर परित्यक्ता कुठे बसणार? टाकलेल्या बायकांचा प्रश्न दिसावा म्हणून महाराष्ट्रात चळवळ झाली. संगणकाच्या यादीत त्यांना पुन्हा अदृश्य होऊ देता कामा नये.

तिसरे उदाहरण आकड्यांचे. निधी देणारे विचारतात, "किती केसेस सुटल्या?" सॉफ्टवेअरमध्ये 'चालू' आणि 'मिटली' अशी दोनच बटणे असली, तर नाइलाजाने सासरी परत गेलेली बाईही 'मिटली'त मोजली जाते. अहवाल छान दिसतो, बाई मात्र तिथेच मार खात असते. म्हणून आमची चाचणी म्हणते की 'बाई नांदायला गेली' एवढ्यावर केस बंद होऊ नये. पुढच्या भेटीची तारीख घातल्याशिवाय नोंद जतन होऊ नये, आणि बंद करण्याचे कारण बाईच्या शब्दांत लिहिलेले असावे.

इथे एक सावधगिरी. 'मी कोण' या जागी कोणाचे नाव येते, यात राजकारण आहे. कार्डे वाचून पाहा. 'मी व्यवस्थापक, मला अहवाल हवा' अशीच सगळी कार्डे निघाली, तर ज्या बाईची माहिती त्यात भरली जाणार ती कुठेच नाही, असा अर्थ होतो. ती संगणकाला हातही लावत नसेल, तरी तिचे कार्ड हवे. ते आपण मनाने लिहू नये, गटाच्या बैठकीत विचारावे. आणि एक कार्ड उलटेही लिहावे : "मी नवरा आहे, ती कुठे लपली आहे ते मला शोधायचे आहे." मग तपासावे की ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून, हरवलेल्या फोनवरून, छापलेल्या कागदावरून त्याला पत्ता मिळू शकतो का. तो मिळता कामा नये, हीच चाचणी.

परत गेल्यावर एवढे करा. कामाची बोलणी होण्याआधी एक दुपार काढा. कार्डे मराठीत लिहा. एका कार्डावर एकच गरज ठेवा. प्रत्येक कार्डामागे दोन-तीन चाचण्या लिहा, आणि त्या अशा असाव्यात की उत्तर 'झाले' किंवा 'झाले नाही' एवढेच येईल. 'वापरायला सोपे असावे' ही चाचणी नव्हे. 'सातवी शिकलेल्या कार्यकर्तीने कोणाला न विचारता दहा मिनिटांत नोंद पूर्ण करावी' ही चाचणी. चाचणीसाठी खऱ्या बाईची माहिती कधीही वापरू नका, बनावट नावे घ्या. तपासणी कार्यकर्तीने स्वतः करावी. शेवटचा हप्ता चाचण्या पास झाल्यावरच, हे करारात लिहून घ्या. आणि पुढे काही बदल केला की साऱ्या चाचण्या पुन्हा लावा, कारण एक गोष्ट दुरुस्त करताना दुसरी बिघडते.

आपल्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही म्हणून आपण गप्प बसतो. कायदाही आपल्यातल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हता. तरी मसुद्यातल्या एकेका शब्दासाठी आपण भांडलो, कारण त्या शब्दाने कोणाचे काय होणार हे आपल्याला ठाऊक होते. इथेही तेच ज्ञान लागते, आणि ते आपल्याकडे आहे.