गाडीचा पत्रा आणि आपला पगार

(दोह्याच्या सनय्या भागातल्या एका कॅम्पवर शुक्रवारी आपल्या एका डेंटर बांधवाने केलेलं भाषण. बोलला तसंच, थोडं आवरून दिलं आहे.)



मी भाषणवाला माणूस नाही. चिपळूणला हातोडी धरायला शिकलो, आणि अकरा वर्षं इथं सनय्यात डेंटिंग-पेंटिंग करतोय. ठोकलेली गाडी आम्ही चार-आठ दिवसांत उभी करतो. पण ती चालवणाऱ्या आपल्या पोराचा पगार मात्र वर्षभर कापला जातो. आज त्यावरच बोलतो.

आपल्याकडचाच एक पोरगा कंपनीची पिकअप चालवायचा. सलवा रोडला सिग्नलवर उभा असताना मागून एकाने ठोकलं. तो म्हणाला, "पोलीस नको भाई, दोनशे रियाल घे आणि विषय संपव." पोरगा घाबरलेला, त्याने घेतले. रात्री माझ्याकडे आला, "दादा, सकाळपर्यंत करून द्या, फोरमनला कळायला नको." मी विचारलं, "कागद कुठाय?" कागद नव्हता. कतारमध्ये अपघाताच्या गाडीला ट्रॅफिक पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजला हात लावता येत नाही. मला नाही म्हणावं लागलं. अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी ठोकणाऱ्याचा फोन बंद. कंपनीने सगळा खर्च पोराच्या नावावर टाकला. अरबी कागद पुढे केला, याने सही केली, आणि कित्येक महिने अर्धा पगार गेला. चूक दुसऱ्याची होती, पण ती दाखवायला याच्या हातात काहीच नव्हतं.

म्हणून सांगतो. कुणाला लागलं असेल तर आधी 999. गाडी हलवायची नाही. कुणाला लागलं नसेल तर दोन्ही नंबरप्लेट, ठोकलेली जागा आणि रस्ता दिसेल असे फोटो काढा आणि गाडी बाजूला घ्या, रस्ता अडवला तर दंड होतो. मग मेट्राश अ‍ॅपवर किंवा ट्रॅफिक पोलिसांकडे नोंद करा. चूक कुणाची ते ट्रॅफिकवाले ठरवतात, तुमचा फोरमन नाही. त्या कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, घरी भावालाही पाठवा.

आता पैसे कोण देतं? चूक समोरच्याची असेल तर त्याचा इन्शुरन्स तुमच्या गाडीचं काम करून देतो. चूक आपली असेल तरी समोरच्याच्या गाडीचं आपल्या गाडीचा इन्शुरन्स बघतो, कारण थर्ड पार्टी इन्शुरन्स इथं सक्तीचा आहे. राहिली आपली गाडी. तिचा फुल इन्शुरन्स असेल तर मालकाला बऱ्याचदा थोडीच रक्कम भरावी लागते. म्हणून कंपनीने "तीन हजार झाले" म्हटलं की नम्रपणे विचारा, "साहेब, इन्शुरन्सने किती दिले? बिल बघू का?"

बिल बघताना माझ्या धंद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. दरवाजा ठोकून, लांबी भरून, रंग मारला तर खर्च कमी. नवा दरवाजा बसवला तर जास्त. बिलात नवा दरवाजा असेल तर जुना काढलेला कुठंतरी असणार. तो बघायला मागा. अपघात पुढून झाला आणि बिलात मागचा बंपर दिसला, तर तेही विचारा. म्हणूनच ठोकल्या ठोकल्या काढलेले फोटो कामाला येतात.

आता कायदा. कतारच्या 2004 च्या 14 नंबरच्या कामगार कायद्याप्रमाणे कामगाराच्या चुकीने कंपनीच्या सामानाचं नुकसान झालं तर भरपाई घेता येते, हे खरं. पण आधी चौकशी व्हायला पाहिजे. आणि एका महिन्यात सात दिवसांच्या पगारापेक्षा जास्त कापता येत नाही. दिवसाला पन्नास रियाल पडत असतील तर महिन्याला साडेतीनशे, त्याच्या वर नाही. निर्णय मान्य नसेल तर कळल्यापासून सात दिवसांत कामगार खात्याकडे तक्रार करता येते. सात दिवस लवकर जातात हो. शुक्रवारची वाट बघू नका.

घरगुती ड्रायव्हर भावांनो, तुमच्यासाठी 2017 चा 15 नंबरचा वेगळा कायदा आहे, सात दिवसांचा हा नियम त्यातला नाही. पण पोलिसांचा कागद तुम्हालाही तेवढाच लागतो, आणि तक्रार तुम्हालाही करता येते. अडचण असेल तर भारतीय दूतावासात जा.

न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नका. "वाचून घेतो, उद्या देतो," एवढं म्हणा. तोवर फोटो काढून वाचता येणाऱ्याला पाठवा.

तो पोरगा अजून इथंच आहे, आज मागच्या रांगेत बसलाय. त्यानेच मला सांगितलं, "दादा, माझं सांगा, पण नाव नको." त्याचे गेलेले पैसे काही परत आले नाहीत. तुमचे जाऊ नयेत म्हणून बोललो.

चला, चहा आलाय. कुणाकडे असा कागद असेल तर चहा झाल्यावर घेऊन या, मिळून बघू.